युद्ध पटवून देणारी वाक्यं: इराक, २००२-०३

बोरू

२००२ साली मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. इराकवर हल्ला करावा असं सांगणारे अमेरिकी वर्तमानपत्रांतले लेख शोधून शोधून वाचायचे आणि त्यातले बरेचसे मला पटले होते. सद्दाम हुसेन क्रूर होता हे कोणी पटवायची गरज नव्हती. पण ‘तो क्रूर आहे’ इथून ‘म्हणून आत्ताच हल्ला करायला हवा’ इथपर्यंत मी कशी पोचले, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. गेले काही महिने तेच लेख परत काढून, हातात पेन्सिल घेऊन, ओळ न् ओळ वाचतेय. जे दिसलं ते इथे मांडते, तुम्हीही भर घाला.

आधी एकच वाक्य घेऊ. ८ सप्टेंबर २००२, रविवार. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलीझा राइस सीएनएनवर म्हणाल्या, की सद्दाम किती लवकर अण्वस्त्र मिळवेल याबद्दल थोडी अनिश्चितता कायम राहणारच. पण धूर निघणारी बंदूक अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपात समोर यावी असं आम्हाला वाटत नाही. महिन्याभरात, ७ ऑक्टोबरला, अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी सिनसिनाटीच्या भाषणात हीच प्रतिमा वापरली.

‘धूर निघणारी बंदूक’ म्हणजे इंग्रजीत ठोस पुरावा. आपण ‘रंगेहाथ सापडला’ म्हणतो तसं. आता या वाक्यात काय झालंय बघा. पुरावा आणि सर्वनाश या दोन वेगळ्या गोष्टी एकच होऊन बसल्या आहेत. त्यामुळे जो पुरावा मागतो, तो स्फोटाची वाट बघत बसलाय असं ठरतं. एरवी आरोप करणाऱ्यानं आरोप सिद्ध करायचा असतो. इथे सिद्ध करण्याचं ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर गेलं, आणि ते हलवलं जातंय असं कोणी म्हणालंसुद्धा नाही.

त्या युद्धाबद्दल आपण सरसकट म्हणतो की लोकांना खोटं सांगून पटवलं. काही गोष्टी खोट्या होत्याच. पण माझ्यापुरतं सांगायचं तर मला ना कुठला आकडा पटला होता, ना कुठलं छायाचित्र. ‘कोणी काय सिद्ध करायचं’ हे आधीच ठरवून टाकलेलं होतं आणि मी ते न बघता पुढचं वाचत गेले. पुढच्या सगळ्या लेखांत मला हीच एक गोष्ट वेगवेगळ्या वेषांत दिसते.

आता एक लेख जवळून बघू. केनेथ एडलमन, वॉशिंग्टन पोस्ट, १३ फेब्रुवारी २००२. रेगन यांच्या काळात शस्त्रनियंत्रण खात्याचे प्रमुख राहिलेले गृहस्थ. लेखाचा गाभा असा: सद्दामची लष्करी ताकद मोडून काढणं आणि इराकला मुक्त करणं हे अगदी हातचा मळ आहे. लगेच पुढे ते म्हणतात, साधी आणि जबाबदार कारणं देतो. आणि चार कारणं येतात: मागच्या वेळीही ते हातचा मळच होतं, ते आता फार दुबळे झालेत, आपण फार ताकदवान झालोय, आणि या वेळी आपण शेवटपर्यंत जाणार आहोत.

मी हा परिच्छेद कितीतरी वेळा वाचला असेल. चार कारणं, क्रमांक घातलेली, एकेक जेमतेम चार-सहा शब्दांचं. वाचताना ताल लागतो: ते दुबळे झालेत, आपण ताकदवान झालोय. तालामुळे पाढा म्हटल्यासारखं होतं, आणि पाढ्यावर कोणी शंका घेत नाही. पण वरच्या वाक्यात कामं दोन होती. लष्कर मोडणं हे एक, देश मुक्त करणं हे दुसरं. चारही कारणं पहिल्या कामाची आहेत. दुसऱ्या कामासाठी एकही नाही! ‘आणि’ या एका उभयान्वयी अव्ययानं दुसरं काम पहिल्याच्या पाठीवर बसवून पलीकडे नेलंय. लष्कर खरंच तीन आठवड्यांत कोसळलं; २० मार्च २००३ ला युद्ध सुरू झालं आणि ९ एप्रिलला बगदाद पडलं. दुसऱ्या दिवशी एडलमन यांनी त्याच दैनिकात आपलं भाकीत खरं ठरल्याचा लेख लिहिला. ते अर्ध्या वाक्यापुरतं खरंही होतं. उरलेल्या अर्ध्या वाक्यात पुढची कितीतरी वर्षं आणि असंख्य माणसं गेली.

त्या अर्ध्या वाक्याचा विचार करणारे लोक नव्हते असं नाही. लष्करप्रमुख एरिक शिन्सेकी यांनी २५ फेब्रुवारी २००३ ला सिनेटच्या समितीपुढे सांगितलं, की युद्धानंतर इराक सांभाळायला काही लाख सैनिक लागतील. दोनच दिवसांत संरक्षण खात्याचे उपमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी तो अंदाज पार चुकीचा ठरवला. त्यांच्या एका युक्तिवादाकडे लक्ष द्या: सद्दामला हटवायला लागेल त्याहून जास्त फौज नंतरची शांतता राखायला लागेल, ही कल्पनाच करणं अवघड आहे. ‘मला कल्पना करता येत नाही’ हे विधान बोलणाऱ्याच्या कल्पनाशक्तीबद्दल आहे, इराकबद्दल नाही. पण ते इराकबद्दलच्या पुराव्यासारखं ऐकलं गेलं.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत परिणामकारक: ‘सामूहिक संहाराची शस्त्रं’ हा शब्दप्रयोग. रासायनिक, जैविक आणि आण्विक अशी तीन अगदी वेगळी शस्त्रं एका पिशवीत घातली आहेत. रणांगणावर फुटणारा विषारी वायूचा गोळा आणि शहर पुसून टाकणारा बॉम्ब यांना एकच नाव. मग लेखाच्या पहिल्या परिच्छेदात वायूचा पुरावा द्यायचा, तिसऱ्या परिच्छेदात पिशवीचं नाव घ्यायचं, आणि शेवटी बॉम्बची भीती घालायची. वाचणाऱ्याला वाटतं पुरावा दिलाय. दिलेला असतोच, पण दुसऱ्याच गोष्टीचा.

तुम्हाला असे लेख आठवत असतील तर लिहा. युद्धाच्या विरोधातलेही चालतील.


रात्रपाळी

बोरूताई, फार महत्त्वाचा विषय काढलात. २००३ च्या मार्चमध्ये मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो आणि ते सगळे आठवडे रात्रपाळीत वृत्तसंस्थांची इंग्रजी कॉपी मराठीत आणण्यात गेले. तुम्ही म्हणता ते ओझं शब्दागणिक आमच्या टेबलावर यायचं.

पहिल्याच रात्रीचा प्रश्न: अमेरिका-ब्रिटनच्या सैन्याला काय म्हणायचं? इंग्रजी कॉपीत ‘कोअलिशन’ होतं. आमच्याकडे पटकन ‘दोस्त फौजा’ असं लिहिलं गेलं, कारण मथळ्यात बसतं. पण ‘दोस्त राष्ट्रे’ हे आपण शाळेत दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात शिकलेलो असतो. समोर हिटलर असतो. म्हणजे ‘दोस्त फौजा बसऱ्याजवळ’ असं छापलं की वाचणाऱ्याच्या मनात कोण हिटलर आणि कोण चर्चिल हे न सांगता ठरून जातं. आमच्या पाळीप्रमुखांच्या हे लक्षात आलं आणि दुसऱ्या दिवसापासून ‘अमेरिका-ब्रिटनच्या फौजा’ असं लिहायला लागलो. मथळा लांब झाला, पण त्यांनी ते धरून ठेवलं. मला अजून त्यांचा आदर वाटतो.

‘लिबरेट’ला ‘मुक्त करणे’ हाच शब्द होता. पण आपल्याकडे ‘मुक्ती’ म्हटलं की गोवा आठवतो, मराठवाडा आठवतो. त्या शब्दाला आपल्याच आठवणींचं पुण्य चिकटलेलं आहे. ‘आनुषंगिक हानी’ हा शब्द तर मी स्वतः एकदा ‘कोलॅटरल डॅमेज’साठी लिहिला होता. बाजारात क्षेपणास्त्र पडून माणसं मेल्याची बातमी होती. छापून आल्यावर सकाळी वाचला आणि वाटलं, हे मी काय लिहिलं? त्यानंतर ‘नागरिक ठार’ असंच लिहीत राहिलो.

आणखी एक, मराठीतच लक्षात येणारी गोष्ट. इंग्रजी ‘वी’ला मराठीत दोन शब्द आहेत, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. मतलेखांचा अनुवाद करताना दर वाक्याला निवड करावी लागायची. ‘वी मस्ट डिसार्म सद्दाम’ यातला ‘वी’ कोण? सरकार असेल तर ‘आम्ही’. लिहिणारा आणि वाचणारा मिळून असेल तर ‘आपण’. मूळ लेखकाला ही निवड करावीच लागत नाही. एकाच परिच्छेदात निर्णय घेणारे ‘आम्ही’ असतात, धोक्यात असलेले ‘आपण’ असतात, आणि सांधा दिसतही नाही. इंग्रजी मतलेख वाचताना प्रत्येक ‘वी’ मनात मराठीत करून बघा. तुम्ही एडलमन यांच्या लेखात ‘आपण ताकदवान झालोय’ असं लिहिलंय. तिथे ‘आपण’ का?


बोरू

रात्रपाळी, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. इतक्या वर्षांनी, विरोधात लिहायला बसूनही, माझ्या हातून ‘आपण’च आलं. ते ‘आम्ही’ हवं होतं.


सह्यकडा

चर्चा चांगली चालू आहे, पण माझा विरोध नोंदवतो.

एक, तुम्ही सगळं निकाल लागल्यानंतर वाचताय. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं: सिद्ध करण्याचं ओझं गुपचूप हलवलं, हे चूक आहे. ते कायद्यानंच इराकवर होतं. कुवेतवरून झालेल्या युद्धानंतर एप्रिल १९९१ मध्ये सुरक्षा परिषदेनं ६८७ क्रमांकाचा ठराव केला, त्यात शस्त्रं जाहीर करून नष्ट करायचं बंधन इराकवर घातलं. ते बंधन पाळायची शेवटची संधी देणारा ८ नोव्हेंबर २००२ चा १४४१ क्रमांकाचा ठराव तर पंधरा विरुद्ध शून्य मतांनी झाला. सीरियानंसुद्धा बाजूनं मत दिलं होतं. मग ‘हिशेब द्या’ असं लिहिणारा लेखक कुठली चलाखी करत होता?

तीन. हलब्जा. १६ मार्च १९८८. कुर्दांच्या एका गावावर रासायनिक हल्ला, सुमारे पाच हजार माणसं मेली. युद्धाच्या बाजूनं लिहिणाऱ्यांत असेही होते ज्यांनी सद्दामच्या अत्याचारांची नोंद ठेवण्यात आयुष्य घातलं होतं. कनान मकिया हे निर्वासित इराकी विचारवंत जानेवारी २००३ मध्ये बुश यांना भेटून म्हणाले की लोक मिठाई आणि फुलांनी स्वागत करतील. चुकले ते. पण त्यांची तळमळ म्हणजे वक्तृत्वाचा डाव नव्हे. भावना आली की लगेच ती फसवणूक, असं वाचलं तर अन्यायाबद्दल कोणी लिहूच शकणार नाही.


बोरू

सह्यकडा, दुसरा आणि तिसरा मुद्दा दोन्ही वजनदार आहेत, म्हणून सावकाश उत्तर देते.

ठरावांबद्दल तुमचं बरोबर आहे, मी ते लिहायला हवं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रनिरीक्षकांपुढे हिशेब द्यायचं बंधन इराकवरच होतं. पण निरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स १४ फेब्रुवारी २००३ ला सुरक्षा परिषदेत काय म्हणाले ते बघा. बऱ्याच शस्त्रांचा आणि द्रव्यांचा हिशेब लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. आणि पुढे म्हणाले: ती आहेत असा निष्कर्ष घाईनं काढू नये, पण ती शक्यता नाकारताही येत नाही.

‘हिशेब लागत नाही’ आणि ‘लपवलंय’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. वहीत दहा पोती लिहिली आहेत आणि कोठारात सात सापडली, तर तीन विकली गेली असतील, कुजली असतील, मुळात वहीतच चुकून लिहिली असतील, किंवा लपवली असतील. हे चारही पर्याय ब्लिक्स यांच्या वाक्यात उघडे राहतात. मतलेखांत त्यातले तीन बंद होऊन एकच उरायचा. उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी तर २६ ऑगस्ट २००२ च्या भाषणात म्हणून टाकलं होतं: सोप्या शब्दांत सांगायचं तर सद्दामकडे सामूहिक संहाराची शस्त्रं आहेत यात शंका नाही. ‘सोप्या शब्दांत’ हे शब्द फार काम करतात. ते ऐकल्यावर कोणी अवघड प्रश्न विचारला तर तोच गुंता करतोय असं वाटतं. २००४ मध्ये, युद्धानंतर इराकमध्ये शस्त्रं शोधणाऱ्या चार्ल्स डुल्फर यांच्या पथकाचा अहवाल आला. इराकनं आपला रासायनिक साठा १९९१ मध्येच, कोणाला न सांगता, नष्ट केला होता. म्हणजे पोती खरंच नव्हती. वही लिहिली नव्हती.

शिवाय हिशेब न दिल्याचा दोष सिद्ध झाला तरी त्यावर युद्ध हाच उपाय, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. ते ओझं हल्ला करा म्हणणाऱ्याचंच होतं. या दोन ओझ्यांची गाठ मारली गेली, असं आता म्हणते.

हलब्जाबद्दल. भावना म्हणजे फसवणूक असं मी म्हणत नाही. तिथे जे झालं त्याबद्दल संताप वाटला नाही तर माणूस म्हणून काहीतरी चुकतंय. माझी तक्रार काळाबद्दल आहे, म्हणजे व्याकरणातल्या काळाबद्दल. २००२ च्या लेखांत हे वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं: त्यानं आपल्याच लोकांवर विषारी वायू सोडलाय. पूर्ण वर्तमानकाळ. वर्ष नाही. ‘सोडलाय’ म्हटलं की परवा सोडल्यासारखं वाटतं. ‘१९८८ साली सोडला’ असं लिहिलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: मग चौदा वर्षांपूर्वी अमेरिका काय करत होती? तेव्हा इराण-इराक युद्ध चालू होतं आणि अमेरिकेचं झुकतं माप इराकला होतं. एक वर्ष गाळलं की ही सगळी अडचण गळून पडते. मृतांबद्दल ज्याला खरंच कळवळा आहे त्यानं त्यांची तारीख तरी गाळू नये.

मकिया यांच्या लेखनात या तारखा असतात. म्हणून त्यांचं लेखन मी वेगळं ठेवते.


सह्यकडा

तारखेचा मुद्दा पटला. बाकीच्यावर विचार करतो.


खडूफळा

मी शाळेत वीस वर्षं मराठी शिकवते आहे. निबंधलेखन शिकवताना मला एक जुनी मांडणी फार उपयोगी पडते, ती इथे चपखल बसेल. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार मानलेत. सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याचं खोडून काढणारी ती वितंडा. आणि समोरच्याच्या शब्दाला हवा तो अर्थ चिकटवणं म्हणजे छल. वाक्छलाचं नेहमीचं उदाहरण ‘नवकंबल’ हे आहे. ‘नव’ म्हणजे नवीन आणि ‘नव’ म्हणजे नऊ. एकानं म्हणायचं याच्याकडे नवं कांबळं आहे, दुसऱ्यानं म्हणायचं कुठे आहेत नऊ कांबळी?

बोरूताईंनी सांगितलेली ती पिशवी मला वाक्छलाच्या जवळची वाटते. एका अर्थानं सिद्ध करायचं, दुसऱ्या अर्थानं वापरायचं. आणि त्यावरचा उताराही शास्त्रात एकच सांगितलाय: शब्दाचा अर्थ मोकळा करून विचारा, यातला कुठला?

हे त्या वेळी सगळ्यांत स्वच्छपणे कोणी केलं असेल तर ब्रिटनचे रॉबिन कुक यांनी. १७ मार्च २००३, म्हणजे युद्धाच्या तीन दिवस आधी, त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला आणि संसदेत भाषण केलं. ते म्हणाले, की या शब्दाचा लोक जो अर्थ घेतात त्या अर्थानं, म्हणजे एखाद्या मोठ्या शहरावर टाकता येईल असं विश्वासार्ह अस्त्र या अर्थानं, इराककडे सामूहिक संहाराची शस्त्रं बहुधा नाहीत. लगेच पुढे त्यांनी मान्य केलं, की जैविक विषं आणि रणांगणावरचे रासायनिक गोळे असतील. (ते अंदाजही पुढे खरे ठरले नाहीत, पण त्या दिवशी ज्याला जेवढं माहीत होतं त्यात याहून प्रामाणिक वाक्य मी वाचलेलं नाही.) पिशवी उघडून एकेक वस्तू टेबलावर ठेवली. मुलांना मी हे वाक्य मराठीत करून देते आणि विचारते, यातलं ‘बहुधा’ काढून टाकलं तर काय बिघडेल? जी मुलं याचं उत्तर देतात त्यांना युक्तिवाद कळलेला असतो.


पिंपळपान

युद्धाच्या विरोधातलं लेखनही तपासायला हवं. ‘तेलासाठी रक्त नको’ ही घोषणा १५ फेब्रुवारी २००३ च्या जगभरच्या मोर्च्यांत होती. तीही एक पिशवीच. सगळी कारणं एका शब्दात कोंबली की पुरावा द्यावा लागत नाही. दुसरं म्हणजे ऐतिहासिक साम्य. युद्धवाले १९३८ चा म्युनिक करार (हिटलरपुढे नमतं घेतलं तो) काढायचे, विरोधक व्हिएतनाम. इतिहासातलं एक पान उचलायचं आणि म्हणायचं, तेच हे. दोघांनीही ‘इथे काय वेगळं आहे’ हे क्वचितच लिहिलं.

विरोधातला मला सगळ्यांत ताकदीचा वाटलेला लेख ब्रेंट स्कोक्रॉफ्ट यांचा. वॉल स्ट्रीट जर्नल, १५ ऑगस्ट २००२. थोरल्या बुश यांचे सुरक्षा सल्लागार, रिपब्लिकन, आणि छापलं कुठे तर युद्धाला अनुकूल संपादकीय पानावर. ते सुरुवातीलाच मान्य करतात की सद्दाम हा धोका आहे. मग सांगतात, की दहशतवादाविरुद्धच्या लढाईतून त्यामुळे लक्ष आणि मित्र दोन्ही जातील. आपल्याकडच्या पूर्वपक्ष-उत्तरपक्षासारखं. आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून नीट मांडायचं, मग उत्तर द्यायचं. ‘तेलासाठी रक्त नको’ वाचून युद्धाच्या बाजूचा एकही माणूस हलला असेल असं मला वाटत नाही. स्कोक्रॉफ्ट यांचं खोडायला मात्र त्यांना घाम फुटला.


अबोली

मला मेरी मॅकग्रोरी यांचा लेख आठवतो. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ५ फेब्रुवारी २००३ ला सुरक्षा परिषदेत इराककडच्या शस्त्रांबद्दल ते प्रसिद्ध भाषण केलं, दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टन पोस्टमध्ये त्यांचा स्तंभ. मथळ्याचा अर्थ: मला पटलंय. व्हिएतनाम युद्धाला विरोध केलेल्या, निक्सन यांच्या शत्रूंच्या यादीत नाव असलेल्या, पुलित्झर मिळालेल्या बाई. त्या लिहितात, की पॉवेल यांनी मला पटवलं आणि मी पटायला फ्रान्सइतकीच कठीण होते.

‘मी विरोधात होते, आता पटलं’ याच्यापुढे युक्तिवाद थिटे पडतात. वाचणाऱ्याला वाटतं, यांच्यासारखीला पटलं तर मी कोण? आपण पुरावा बघत नाही, पुरावा बघितलेल्या माणसाचा चेहरा बघतो. गंमत म्हणून सांगत नाही, मनापासून वाईट वाटून सांगते: लेखाच्या शेवटी त्यांनी आपण अजून युद्धाला तयार नाही असंही लिहिलं होतं. पण लोकांच्या लक्षात मथळा राहिला.


बोरू

अबोली, याच्या बरोबर उलटा लेख म्हणजे जोसेफ विल्सन यांचा. न्यूयॉर्क टाइम्स, ६ जुलै २००३. मथळाच नकाराचा: आफ्रिकेत मला काय सापडलं नाही. इराकनं नायजरकडून युरेनियम घ्यायचा प्रयत्न केला का, हे बघायला फेब्रुवारी २००२ मध्ये त्यांना पाठवलं होतं. ते लिहितात, की आठ दिवस गोड पुदिन्याचा चहा पीत डझनावारी लोकांना भेटलो. चहाचा युरेनियमशी काही संबंध नाही. पण त्या एका तपशिलानं ‘हा माणूस तिथे बसला होता’ हे पक्कं होतं. तंत्र तेच आहे, मॅकग्रोरींसारखंच, माणसावर विश्वास ठेवायला लावणारं. फरक एवढाच, की विल्सन आपण काय बघितलं ते सांगतात आणि मॅकग्रोरी कोणाचं ऐकलं ते सांगतात. तपासायचं झालं तर पहिल्याच्या मागे जाता येतं. आठ दिवसांनी एका स्तंभलेखकानं विल्सन यांची पत्नी सीआयएत काम करते हे छापून टाकलं, आणि चर्चा युरेनियमवरून नवरा-बायकोवर गेली.

आणि सुरुवातीच्या त्या ८ सप्टेंबरकडे परत जाते, कारण एक धागा राहिला. त्याच सकाळी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ॲल्युमिनियमच्या नळ्यांची बातमी होती. इराक अणुबॉम्बच्या सुट्या भागांच्या मागे आहे, असं निनावी अधिकाऱ्यांच्या हवाल्यानं लिहिलेलं. त्याच दिवशी चेनी दूरचित्रवाणीवर आले आणि टाइम्सचा हवाला देऊन तेच बोलले. अधिकारी वर्तमानपत्राला सांगतात, नेते वर्तमानपत्राचा हवाला देतात, आणि मग मतलेख लिहिणारा दोघांचा. तीन साक्षीदार दिसतात, असतो एकच. २६ मे २००४ ला टाइम्सनं आपल्या वार्तांकनातल्या त्रुटी कबूल करणारी संपादकीय टीप छापली. ती दहाव्या पानावर होती.


सह्यकडा

विचार करून परत आलो. तीन साक्षीदारांचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त लागला, कारण मी त्या काळात नेमकं हेच म्हणायचो: इतके सगळे सांगताहेत!

रात्रपाळी, तुम्हाला एक विचारतो. त्या एप्रिलमध्ये आपल्या लोकसभेनं ठराव केला होता. त्यात शब्दावरून बरीच ओढाताण झाली होती असं आठवतं. नक्की काय होतं?


रात्रपाळी

८ एप्रिल २००३. हिंदीत ‘निंदा’ आणि इंग्रजीत ‘डिप्लोर’. विरोधकांना ‘कंडेम’ हवा होता, सरकारला तेवढा कडक शब्द नको होता. ‘निंदा’मध्ये दोन्ही बसतात. विरोधकांनी त्यात धिक्कार वाचला, सरकारनं इंग्रजी शब्दाकडे बोट दाखवून खेद वाचला, आणि ठराव एकमतानं झाला. पुढे इराकमध्ये फौज पाठवायची अमेरिकेची विनंती आली, तिला संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्यानं सरकारनं जुलैमध्ये नकार दिला, हेही इथे नोंदवून ठेवतो.

आमच्या टेबलावर त्या रात्री तीन शब्द होते: निषेध, निंदा, खेद. इंग्रजी कॉपी समोर ठेवली की ‘खेद’ लिहावंसं वाटायचं, हिंदी ठेवली की ‘निषेध’. पाळीप्रमुखांनी दोन्ही कॉप्या शेजारी शेजारी ठेवल्या, मथळ्यात ‘निंदा’ लिहिलं, आणि बातमीच्या दुसऱ्या परिच्छेदात इंग्रजी मसुद्यात वेगळा शब्द आहे हे सांगणारी एक ओळ घालायला लावली. जागेसाठी खालची जाहिरात अर्धा सेंटिमीटर सरकवावी लागली. पहिली आवृत्ती दहा मिनिटं उशिरा सुटली.